खेळ तशी कसोटी

२०१८ च्या आयपीएलमध्ये अंबाती रायुडूने चेन्नई सुपर किंग्जकडून ६०२ धावा केल्या आणि त्या बळावर इंग्लंड दौऱ्यासाठी भारताच्या एकदिवसीय संघात त्याची निवड झाली. जून महिन्यात बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत खेळाडूंची तंदुरुस्ती तपासण्यात आली. ‘यो-यो’ नावाच्या धावण्याच्या चाचणीत त्या वेळी १६.१ ही किमान पातळी ठरलेली होती. रायुडू तेथवर पोहोचू शकला नाही. त्याचे नाव वगळले गेले, त्याच्या जागी सुरेश रैना संघात आला, आणि देशभर वाद रंगला. सहाशे धावा काढणाऱ्या फलंदाजाचे भवितव्य दोन रेषांमधील धावण्यावर ठरावे काय?

वादात दोन्ही बाजू हिरिरीने बोलत होत्या; परंतु ही चाचणी नेमके काय मोजते, हे फार थोड्यांनी विचारले. तिचे स्वरूप सोपे आहे. वीस मीटर अंतरावर दोन रेषा आखतात. ध्वनिमुद्रित इशाऱ्याबरोबर खेळाडूने एका रेषेवरून दुसरीपर्यंत धावायचे, वळायचे आणि परत यायचे. असे चाळीस मीटर झाले की दहा सेकंदांची उसंत मिळते. तेवढ्या वेळात पाच मीटर सावकाश जाऊन परत जागेवर यायचे. टप्प्याटप्प्याने वेग वाढत जातो. दोनदा वेळेत रेषा गाठता आली नाही की चाचणी संपते. १६.१ पर्यंत पोहोचलेला खेळाडू एकूण १,१२० मीटर धावलेला असतो. डेन्मार्कचे शरीरक्रियातज्ज्ञ येन्स बांग्सबो यांनी १९९० च्या दशकात ही चाचणी घडवली ती फुटबॉलसारखे खेळ डोळ्यांपुढे ठेवून. फुटबॉलपटू जोरात धावतो, क्षणभर सावरतो आणि पुन्हा धावतो. नव्वद मिनिटे हेच चालते. वारंवार धावून झाल्यावर शरीर किती लवकर सावरते, एवढेच ही चाचणी सांगते. त्या प्रश्नाचे उत्तर ती चांगले देते.

क्रिकेटला त्या उत्तराची गरज नाही असे नव्हे. पन्नास षटके क्षेत्ररक्षण करणाऱ्याला दम लागतोच. परंतु फलंदाजाच्या धावण्याचे गणित निराळे आहे. दोन्ही टोकांच्या फलंदाजी-रेषांमधील अंतर १७.६८ मीटर. हातात बॅट, पायांना पॅड, आणि तीन धावा काढायच्या तर दोन वेळा वाकून, बॅट टेकवून, उलटे वळायचे. यासाठी प्रशिक्षकांकडे जुनी व साधी चाचणी आहे: बॅट घेऊन तीन धावा पळा आणि वेळ मोजा. त्यात सुरुवातीची झेप, वळण आणि पुन्हा गती घेणे हे सारे येते. वेगवान गोलंदाजाचे गणित तर याहूनही वेगळे. एकदिवसीय सामन्यातील त्याची दहा षटके म्हणजे किमान साठ वेळा धावत येणे आणि साठ वेळा पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार झेलणे. त्याची पाठ आणि तो पाय हा भार सोसतील की नाही, हे यो-योतून कळत नाही.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२१ च्या आरंभी दोन किलोमीटर धावण्याची चाचणी जोडली. वेगवान गोलंदाजांसाठी ८ मिनिटे १५ सेकंद, तर फलंदाज, यष्टिरक्षक व फिरकी गोलंदाजांसाठी ८ मिनिटे ३० सेकंद अशी मर्यादा ठेवली गेली. २०२५ मध्ये रग्बीच्या खेळातून आलेल्या ‘ब्राँको’ चाचणीचे वृत्त आले. वीस, चाळीस व साठ मीटर जाऊन परत येण्याचे पाच फेरे, म्हणजे एकूण १,२०० मीटर, मधे विश्रांती नाही. आठ-नऊ वर्षांत एकाच खेळाला तीन मापे लागली. हाताशी तज्ज्ञ आणि पैसा दोन्ही असलेल्यांनाही योग्य चाचणी निवडणे किती अवघड जाते, हे यावरून दिसते. निदान भूमिकेनुसार वेगळी मर्यादा ठेवावी, हा २०२१ मधील विचार मात्र योग्य दिशेचा होता.

हा प्रश्न आता राष्ट्रीय संघापुरता उरलेला नाही. पुणे, नाशिक, सांगली, सोलापूर, जळगाव अशा शहरांत मुलांना बॅडमिंटन, जलतरण, क्रिकेट वा टेबल टेनिसच्या प्रशिक्षणाला घालणाऱ्या कुटुंबांत व्यापारी घरांची संख्या मोठी आहे. दुकान उघडण्याआधी पहाटे मुलाला मैदानावर सोडायचे, संध्याकाळी गल्ला सांभाळता सांभाळता कोणी तरी त्याला आणायला जायचे, हा अनेक घरांचा परिपाठ झाला आहे. दर तिमाहीला प्रशिक्षण केंद्राकडून छापील अहवाल येतो: उडी इतके सेंटिमीटर, धाव इतके सेकंद, दम अमुक पातळीचा, शेरा ‘साधारण’ किंवा ‘सुधारणा आवश्यक’. मालाचे पोते वजन तपासल्याखेरीज न उतरवणारे गृहस्थ हा कागद मात्र विनातक्रार स्वीकारतात. वास्तविक मापाविषयी त्यांच्याइतके कोणाला कळावे? धान्याचा काटा अगदी बिनचूक असला तरी त्यावर कोणी अंगठी तोलत नाही. काटा खोटा नसतो, तो त्या मालासाठी नसतो. अहवालातील प्रत्येक आकड्याला हाच न्याय लावायला हवा. कारण या कागदाच्या आधारे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ‘हा खेळ तुझा नव्हे’ असे सांगितले जाते, आणि ते वाक्य मूल फार काळ विसरत नाही.

प्रत्येक चाचणीचे एक मूळ गाव

चाचण्या आकाशातून पडलेल्या नाहीत. कोणाला तरी काही तरी जाणून घ्यायचे होते, म्हणून त्या जन्मल्या. बारा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर धावण्याची चाचणी अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. हजारो जवानांची प्राणवायू वापरण्याची क्षमता प्रयोगशाळेत एकेकाला नेऊन मोजणे शक्य नव्हते. मैदानावर एकाच वेळी शेकडोंची मोजणी करता येईल असे काही तरी हवे होते. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठातील ल्यूक लेजे यांनी १९८२ मध्ये वीस मीटरची ‘बीप’ चाचणी मांडली. ताशी साडेआठ किलोमीटरपासून सुरुवात आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढ. लहान जागेत, शाळेच्या सभागृहातही ती घेता येते, म्हणून जगभर पसरली. दोन्ही चाचण्या हृदय व फुप्फुसांच्या क्षमतेविषयी विश्वासार्ह अंदाज देतात. एखादा मुलगा नेटजवळ झेपावून शटल उचलू शकेल का, हे सांगण्याचा दावा त्यांच्या कर्त्यांनी कधी केला नव्हता.

आपल्या शाळांत ‘खेलो इंडिया’ उपक्रमाखाली जी तपासणी होते तिचेही असेच आहे. नऊ वर्षांवरील मुलांसाठी उंची-वजनाचे गुणोत्तर, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणे, पोटाचे व्यायाम आणि जोर यांचा त्यात समावेश आहे. मूल एकंदर निरोगी आहे काय, त्याची हालचाल वयाला साजेशी आहे काय, हे त्यातून कळते. दिवसभर मोबाइलमध्ये डोके घालून बसणाऱ्या पिढीसाठी ही तपासणी मोलाचीच आहे. परंतु ६०० मीटरच्या धावेवरून टेबल टेनिसचा खेळाडू निवडायचा, तर ती चूक चाचणीची नव्हे, निवडणाऱ्याची होय.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी खेळाकडे पाहायचे: किती वेळ, किती अंतर, कोणत्या दिशेने, किती जोराने, मधे विश्रांती किती, आणि पराभव बहुधा कोठे होतो. मग चाचणी शोधायची. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी जी चाचणी घेता येते ती घेतली जाते, आणि तिचा खेळाशी संबंध नंतर जोडला जातो.

खो-खोचे उदाहरण

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ज्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर आकाराला आले, त्याच खेळाच्या निवड चाचण्यांत आजही पुष्कळदा शंभर मीटर धाव, लांब उडी आणि आठशे मीटर धाव यांवर भिस्त ठेवली जाते. या खेळाची उकल करून पाहिली तर निराळेच चित्र दिसते.

मैदान साधारण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. मधल्या पट्टीत आठ खेळाडू आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलाग करणारा. त्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र असे कोणतेच बंधन नाही. तो खेळाडूंच्या मधून हवा तसा सरकतो. पारंपरिक सामन्यात एक डाव नऊ मिनिटांचा, पळणारे तिघांच्या तुकड्यांनी मैदानात येतात, आणि दोन-अडीच मिनिटे नाबाद राहिलेला खेळाडू उत्तम गणला जातो.

आता शंभर मीटरची धाव घ्या. पळणाऱ्याला कमाल वेग गाठायलाच तीस-चाळीस मीटर तरी लागतात. खो-खोच्या मैदानाची लांबीच सत्तावीस मीटर. म्हणजे शंभर मीटरमध्ये जो गुण मोजला जातो, तो गुण या खेळात कोणी कधी वापरतच नाही. पाठलाग करणाऱ्याला लागते ती बसलेल्या स्थितीतून उठण्याची आणि पहिल्या चार-पाच पावलांची गती. ‘खो’ मिळताच उठायचे, क्षणात दिशा पकडायची, दहा-बारा पावलांत एक तर गडी मारायचा नाही तर पुढे खो द्यायचा. म्हणून त्याची चाचणी उभ्याने नव्हे, बसलेल्या स्थितीतून घ्यायला हवी. मागून पाठीला हात लावून ‘खो’ म्हणावे, आणि पाच व दहा मीटरपर्यंतची वेळ मोजावी. या साध्या बदलाने यादीचा क्रम पुष्कळ बदलतो. लांब टांगांचा, शंभर मीटरमध्ये सर्वांच्या पुढे असलेला मुलगा उठतानाच मागे पडू शकतो, आणि ठेंगणी, दणकट पायांची मुलगी पहिल्या पाच मीटरांत सर्वांना मागे टाकू शकते.

पळणाऱ्याचा प्रश्न वळणाचा आहे. त्यासाठी उपलब्ध असलेल्या चाचण्यांत ‘इलिनॉय’ चाचणी बरीच जवळची वाटते: दहा मीटर बाय पाच मीटरच्या जागेत, मधोमध ३.३ मीटर अंतराने ठेवलेल्या चार शंकूंमधून नागमोडी धावायचे. खो-खोत साखळी खेळणारा पळपट्टू असाच जातो. दुसरी ‘पाच-शून्य-पाच’: दहा मीटर धावत येऊन पुढच्या पाच मीटरवर रेषेला पाय लावून वळायचे आणि तेच पाच मीटर परत यायचे, वेळ फक्त शेवटच्या पाच अधिक पाच मीटरांची. यात एकच वळण, पण ते पूर्ण उलटे. ती डाव्या पायावर आणि उजव्या पायावर अशी दोन्हीकडून घेता येते, हा तिचा मोठा लाभ. पुष्कळ मुले एका बाजूला झटकन वळतात आणि दुसऱ्या बाजूला रेंगाळतात; मुरलेला प्रतिस्पर्धी ती बाजू दोन मिनिटांत ओळखतो.

तरीही एक उणीव राहते, आणि ती बारकाईने समजून घेण्याजोगी आहे. या दोन्ही चाचण्यांत मार्ग आधीच ठाऊक असतो. खो-खोत तो ठाऊक नसतो; पाठलाग करणाऱ्याचा खांदा कोठे झुकला यावरून पळणारा ठरवतो. ठरलेल्या मार्गावर वळणे हा एक गुण, आणि दुसऱ्याची हालचाल वाचून वळणे हा दुसरा. पहिला पायांत असतो, दुसऱ्यात डोळे आणि बुद्धीही येतात. याच कारणाने अनुभवी खेळाडू शंकूंच्या चाचणीत तरुणांपेक्षा मागे असतात आणि मैदानात मात्र हाती लागत नाहीत. उपाय खर्चिक नाही. प्रशिक्षकाने समोर उभे राहून ऐन वेळी डावा वा उजवा हात दाखवावा आणि मुलाने त्या दिशेने वळावे. वेळ तीच मोजायची, पण आता ती खेळाच्या जवळची असते. खो-खोला प्रयोगशाळा लागत नाही. शंकू, मोजपट्टी, घड्याळ आणि खेळ जाणणारा डोळा पुरतो.

पाण्यात आणि जाळीजवळ

जलतरणात तर जमिनीवरील धाव जवळजवळ निरुपयोगी. धावताना धापा टाकणारा मुलगा पाण्यात माशासारखा सुळकन जातो, कारण तेथे वजन पाणी पेलते, आणि हाताचा फटका व शरीराची सरळ रेषा हेच भांडवल असते. पोहणाऱ्याचा दम मोजण्याची एक सुटसुटीत रीत आहे. एका दिवशी ४०० मीटर आणि दुसऱ्या दिवशी २०० मीटर पूर्ण जोराने पोहायचे. समजा ४०० मीटरला ४०० सेकंद लागले आणि २०० मीटरला १९० सेकंद. दोन अंतरांतील फरक २०० मीटर, दोन वेळांतील फरक २१० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला साधारण ०.९५ मीटर हा वेग येतो, म्हणजे शंभर मीटरला १ मिनिट ४५ सेकंद. न थकता दीर्घकाळ टिकवता येईल अशा वेगाचा हा अंदाज होय. प्रशिक्षक त्यावरून सरावाचा वेग ठरवू शकतो. दोन आकड्यांच्या वजाबाकीतून मिळणारी ही माहिती महागड्या मनगटी घड्याळाच्या ‘व्हीओटू मॅक्स’पेक्षा पोहणाऱ्या मुलाच्या जास्त उपयोगी आहे.

बॅडमिंटनचे कोर्ट १३.४० मीटर लांब; एका बाजूच्या वाट्याला त्याचे अर्धे, ६.७० मीटर. सरळ वीस मीटर धावण्याचा प्रसंग खेळात येतच नाही. येते ते झेपावणे, एका पायावर थांबणे, मागे सरकून उडी मारणे, आणि दर वेळी मध्यावर परत येणे. काही सेकंदांची रॅली, थोडी उसंत, पुन्हा रॅली. कोर्टच्या सहा कोपऱ्यांना व कडांना क्रमाने स्पर्श करून मध्यावर परतण्याची चाचणी येथे बीपपेक्षा अधिक बोलते. बीप चाचणी अगदी टाकून द्यावी असे नाही. तीन गेमच्या लांबलेल्या सामन्यात दम उपयोगी पडतोच. परंतु अहवालात पहिला मान तिला नसावा.

एक दशांश सेकंदाचे मोल

चाचणी योग्य निवडली तरी माप नीट घेतले गेले काय, हा दुसरा प्रश्न. ॲथलेटिक्समध्ये शंभर मीटरसाठी हाताने दाबलेले घड्याळ आणि विद्युत् यंत्रणा यांत ०.२४ सेकंदाचा फरक गृहीत धरण्याची प्रथा आहे. दहा मीटर धावायला मुलाला दोन सेकंदांच्या आसपास लागतात. तेथे एकाचे २.०५ आणि दुसऱ्याचे २.१२ असे आकडे हातघड्याळाने आले, तर पहिला वेगवान असे म्हणण्याला काहीच आधार नाही; बोट दाबण्यातील चूकच त्याहून मोठी असू शकते. तरीही दशांश चिन्हापुढे दोन अंक छापले की कागदाला वजन येते. अशा वेळी प्रत्येक मुलाच्या तीन धावा घेणे, घड्याळ एकाच व्यक्तीच्या हाती ठेवणे आणि मैदान, बूट व वेळ तीच राखणे, एवढे तरी व्हायला हवे. मागील चाचणी मातीवर आणि या वेळची मॅटवर झाली असेल, तर दोन आकड्यांची तुलना करू नये. शिवाय पहिल्यांदा दिलेल्या चाचणीत मूल ती चाचणीच शिकत असते. दुसऱ्या वेळी आकडा सुधारतो तो तंदुरुस्तीमुळे नव्हे, तर ओळखीमुळे. पहिली खेप सरावाची धरावी.

एकाच दिवशी अनेक चाचण्या असल्या तर क्रमालाही अर्थ असतो. उंची-वजन आधी, मग उडी, मग लहान धाव व वळण, त्यानंतर ताकद, आणि दमाची चाचणी सर्वांत शेवटी. बीप चाचणीत दमलेल्या मुलाची उडी मोजणे म्हणजे दिवसभर ओझी वाहिलेल्या हमालाची ताकद संध्याकाळी तपासण्यासारखे आहे.

येथे एक बाब जैन घरांच्या दिनक्रमाशी थेट निगडित आहे. अनेक केंद्रांत चाचण्या संध्याकाळी सहानंतर दिव्यांच्या उजेडात होतात. चौविहार पाळणारे मूल सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. पूर्ण ताकद लावून घाम गाळायचा आणि नंतर रात्रभर पाणी नाही, हे दमाच्या चाचणीला मानवणारे नाही, आणि प्रकृतीलाही. पर्युषणात किंवा उपवास-एकासण्याच्या दिवसांत घेतलेले आकडेही मुलाच्या नेहमीच्या क्षमतेचे नसतात. प्रशिक्षकाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला सांगावे लागते. चाचणी सकाळची मागून घ्यावी, व्रताचे दिवस सोडून तारीख ठरवावी. मोकळेपणाने सांगितले तर बहुतेक प्रशिक्षक ते मान्य करतात. संकोचाने गप्प राहिलेल्या मुलाच्या नावापुढे मात्र ‘दम कमी’ असा शेरा पडतो.

पूर्ण ताकदीच्या कोणत्याही चाचणीआधी काही गोष्टी घरातच विचारून घ्याव्यात: धावताना छातीत दुखते काय, कधी चक्कर येऊन मूल पडले आहे काय, कुटुंबात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला आहे काय. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असले, तर आधी डॉक्टरांकडे जावे, चाचणी नंतर.

वाढीच्या वयातील मुले

सर्वांत मोठा अन्याय घडतो तो तेरा-चौदाव्या वर्षी. उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरी बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. पण ही केवळ सरासरी. एकाच वर्गातील दोन तेरा वर्षांची मुले शरीराच्या वाढीने तीन-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. एकाला मिसरूड फुटलेले, दुसरा अजून बालकच. उंच उडी, चेंडूफेक, पकडीची ताकद, लहान धाव या सर्वांत पहिला जिंकणार, हे चाचणी घेण्याआधीच सांगता येते. अशा निवडीत खेळाचे अंग मोजले जात नाही. कोणाचे वय लवकर आले एवढेच मोजले जाते. दोन-तीन वर्षांनी दुसरा मुलगा वाढतो, कधी पहिल्यापेक्षा उंच होतो, पण तोवर त्याने रॅकेट माळ्यावर टाकलेली असते.

वाढीच्या ऐन भरात आणखी एक गोष्ट घडते. हाडे झपाट्याने लांबतात, स्नायू मागे राहतात आणि काल सहज जमणारी हालचाल आज अवघडल्यासारखी होते. चपळाईचा आकडा तेव्हा घसरू शकतो. घरात ‘लक्ष नाही, मोबाइल वाढला’ असा अर्थ लावला जातो. त्याच काळात गुडघ्याच्या खालच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखणे सामान्य असते. अशा मुलाकडून उड्यांची चाचणी करवून घेणे टाळावे. उपाय साधा आहे: दर तीन महिन्यांनी उंची नोंदवून ठेवावी. उंची झरझर वाढत असताना घसरलेला आकडा आणि उंची स्थिर असताना घसरलेला आकडा यांचे अर्थ वेगळे असतात. या वयात मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करण्यापेक्षा त्याच्याच मागील नोंदीशी करणे अधिक न्यायाचे.

वजनाचा आकडा सर्वांसमोर मोठ्याने वाचण्याची प्रथा काही ठिकाणी अजून आहे. विशेषतः वाढत्या मुलींच्या बाबतीत ती बंद झाली पाहिजे. पुष्कळशा खेळांत वजन हा कामगिरीचा निकषच नाही; जेथे वजनी गट आहेत तेथेही तो आकडा खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक यांच्यापुरता राहू शकतो.

पुढचा अहवाल हाती आला की प्रशिक्षकाला तीन गोष्टी विचारता येतात. ही चाचणी आमच्या मुलाच्या खेळातील कोणत्या प्रसंगाशी जुळते? मागच्या वेळेपेक्षा झालेला फरक मोजमापाच्या चुकीहून मोठा आहे काय? आणि या आकड्यामुळे पुढील सहा आठवड्यांच्या सरावात काय बदलणार? तिसऱ्या प्रश्नाला चांगल्या प्रशिक्षकाकडे नेमके उत्तर असते. खो-खो खेळणाऱ्या मुलीची ‘पाच-शून्य-पाच’ धाव उजव्या पायावरील वळणापेक्षा डाव्या पायावर तिन्ही वेळा पाव सेकंदाने मंद आली, तर तो तिला आठवड्यातून तीन दिवस डाव्या पायावर थांबण्याचा, वाकण्याचा आणि उसळून निघण्याचा सराव देतो, साखळी खेळताना मुद्दाम त्या बाजूने पळवतो, आणि सहा आठवड्यांनी त्याच मैदानावर, तेच बूट घालून, त्याच घड्याळाने दोन्ही पायांची वेळ पुन्हा घेतो.